गंठण सोडवलं, पण पैसे कोणाचे होते?

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. राहायला फुलेवाडीत. पगार २१ हजार, खात्यावर जमा होतो. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पीएफमधून ५० हजार काढायला अर्ज केला होता. थोड्याच दिवसांत खात्यावर १ लाख ७२ हजार जमा झाले. मला वाटलं, पीएफवाल्यांनी जास्त मंजूर केले असतील. त्याच आठवड्यात ६४ हजार भरून बायकोचं गहाण पडलेलं गंठण सोडवलं. त्यानंतर पीएफचे ५० हजार वेगळे आले, ते आईच्या ऑपरेशनला गेले. तेव्हाच कळलं की आधीचे पैसे आपले नव्हेत.

वर्कशॉपमधला एक मित्र म्हणाला, ‘गप बस. चूक बँकेची हाय, अंबाबाईनं दिलं म्हणायचं आणि वापरायचं.’ मी गप बसलो. मग पोराच्या क्लासची फी ३५ हजार, भिशीचे थकलेले १४ हजार, आणि ९ हजार असेच गेले. आता बँकेचं पत्र आलंय. दुसऱ्या एका बँकेत एका म्हाताऱ्या ग्राहकानं मुलीला पाठवलेले पैसे काउंटरवर खाते नंबरातला एक आकडा चुकल्यामुळं माझ्याकडं आले म्हणे. १५ दिवसांत परत करा म्हणतात. उरलेले ५० हजार बँकेनं अडकवलेत आणि या महिन्याचा पगारही निघत नाही. बायकोला मी सगळे पैसे पीएफचेच असं सांगितलंय. चैत्रात जोतिबाला ती गंठण घालून गेली होती.

चूक माझी नाही, मग मी का भरायचं? मला जेल होईल का? आणि बायकोला सांगू का नको?

उद्यमनगरातला एक कामगार


दादा,

पंधरा दिवसांची मुदत सुरू झालीय, म्हणून आधी तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देते. पैसे भरायचे आहेत, सगळे. तुम्ही आपण होऊन बँकेत गेलात आणि परतफेडीची तयारी लेखी दिलीत तर गोष्ट तुरुंगापर्यंत जाण्याची शक्यता फार कमी. पत्राला उत्तर न देता बसून राहिलात तर ती शक्यता वाढत जाणार. आणि बायकोला सांगायचं, तेही बँकेत जायच्या आधी. या शेवटच्या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त तेच टोचलं.

मी नोकरीची बरीच वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली. हा घोळ कसा होतो ते सांगते, म्हणजे ‘अंबाबाईनं दिलं’ याचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. महिन्याचा पहिला आठवडा, काउंटरसमोर पेन्शनरांची रांग. एखाद्या आजोबांनी एनईएफटीची, म्हणजे दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवायची, स्लिप मराठी आकड्यांत भरलेली असते. थरथरत्या हातानं काढलेला १ कुठला आणि ९ कुठला हे स्लिप उजेडात धरून बघावं लागतं. ५ आणि ६ चंही तेच. काउंटरवरचा मुलगा नंबर कॉम्प्युटरवर टाकतो, मागचा अधिकारी तो पास करतो. अधिकाऱ्यानं स्लिपशी आकडा न् आकडा ताडून बघायचा असतो, पण त्याच्या टेबलावर तशाच स्लिपांची चळत पडलेली असते आणि बाहेरून कोणीतरी ‘साहेब, किती वेळ’ म्हणत असतं. पास झालं की पैसे गेले. त्या नंबरचं खातं समोरच्या शाखेत असेल तर पैसे तिथंच पडतात, कारण एनईएफटीत जमा करताना खाते नंबर बघितला जातो. नाव जुळलं नाही म्हणून पैसे आपोआप थांबत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं यावर उपाय म्हणून १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना सोय करायला सांगितली की एनईएफटी किंवा आरटीजीएस (मोठ्या रकमेसाठीची तशीच सोय) करण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव बघता यावं, शाखेत येऊन पाठवणाऱ्यालाही. पण गर्दीत ‘नाव काय दिसतंय हो?’ असं विचारणारे कमीच. (हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, विचारत जा. नाव ऐकल्याशिवाय सही करू नका.)

म्हणजे तुमच्या खात्यात आलेले पैसे देवीनं दिलेले नाहीत. एका म्हाताऱ्या माणसानं मुलीसाठी पाठवले होते. ते तिला मिळाले नाहीत तेव्हा त्यानं दोन्ही बँकांच्या पायऱ्या झिजवल्या असतील. ‘आमच्याकडून गेलेत’ आणि ‘आमच्याकडं आले नाहीत’ या दोन वाक्यांच्या मधे लोक कसे भरडले जातात ते मी काउंटरच्या आतून बघितलंय. ज्या मुलानं आकडा चुकवला त्याच्यामागे चौकशी लागते, खुलासा लिहून द्यावा लागतो, आणि रक्कम वसूल होईपर्यंत ती त्याच्या नावाला चिकटलेली राहते. तोही तुमच्यासारखाच महिन्याच्या पगारावर घर चालवणारा असतो. तुमचा मित्र म्हणतो बँकेची चूक. पण बँक म्हणजे कोणी बिनचेहऱ्याचा सावकार नाही, चुकीचं ओझं शेवटी कोणा माणसाच्याच डोक्यावर बसतं.

आता कायदा. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ७२ व्या कलमात साध्या शब्दांत म्हटलंय की चुकून ज्याला पैसे दिले गेले त्यानं ते परत केले पाहिजेत. चूक कोणाची हा प्रश्न तिथं नाहीच. पैसे आले कसे यात तुमचा काडीचाही दोष नाही, हे मी मान्य करते. पण दोष नसणं वेगळं आणि पैसे आपले होणं वेगळं. दिवाणी दावा लावायला अशा रकमेसाठी तीन वर्षांची मुदत असते आणि चुकीच्या बाबतीत ती चूक उघडकीला आल्यापासून मोजतात. तेव्हा ‘थोडे दिवस दम धरला की विसरतील’ ही आशा धरू नका. बँकेची वही विसरत नाही.

असे प्रसंग आपल्याकडे घडून गेलेत आणि पेपरात छापून आलेत. पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यावर २०२१ साली १५ लाख जमा झाले. त्याला वाटलं, सरकारनं पाठवले. त्यानं वाट बघितली, मग ९ लाखांचं घर बांधलं. पैसे ग्रामपंचायतीचे निघाले आणि बँकेची नोटीस आली. त्या माणसाच्या मनात पाप नव्हतं असंच मला वाटतं, तरी पैसे परत करायचे हे काही टळलं नाही. तमिळनाडूत तिरुपूरच्या एका जोडप्यानं चुकून आलेले ४० लाख वापरून टाकले, परत करत नाहीत म्हणून खटला उभा राहिला आणि २०१९ मध्ये कोर्टानं दोघांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेच्या आयएमपीएसमध्ये (लगेच पैसे पाठवायच्या सोयीत) बिघाड होऊन सुमारे ४१ हजार खात्यांत ८२० कोटी रुपये चुकून जमा झाले. बँकेनं खाती रोखून त्यातले ६४९ कोटी काही दिवसांत परत मिळवले. काहींनी पैसे काढून घेतले होते, त्या प्रकरणाचा तपास पुढं सीबीआयकडं गेला आणि महाराष्ट्रातही छापे पडले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये तर तारीख आणि मिनिटासकट उजाडलेलं असतं.

जेलचा प्रश्न नीट समजून घ्या, कारण तुमच्या बाबतीत त्यात दोन भाग पडतात. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पूर्वी ४०३ होतं ते कलम आता ३१४ आहे: दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे आपल्या वापरात आणणं. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि दंड. या कलमाखाली कायद्यानंच एक उदाहरण दिलंय. एखाद्यानं दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून मनापासून घेतली तर तो चोर ठरत नाही, पण ती आपली नाही हे कळल्यावर अप्रामाणिकपणे वापरली तर तो गुन्हा. तुमची गोष्ट जवळजवळ तीच आहे. गंठण सोडवलंत तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं की पीएफ आलाय. ते ६४ हजार परत करावे लागतील, पण त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. पीएफचे ५० हजार वेगळे आले त्या दिवसानंतर जे ५८ हजार गेले, क्लास, भिशी आणि ते ‘असेच गेलेले’ ९ हजार, त्यांचं उत्तर तुम्हाला देता येणार नाही. ‘तात्पुरते वापरले, नंतर देणार होतो’ हेही चालत नाही. थोड्या काळापुरता केलेला अपहार हाही अपहारच, असं त्याच कलमात लिहिलंय.

म्हणून तुमच्याजवळचे कागद जपा. पीएफचा ऑनलाइन अर्ज, त्याचा मेसेज, पासबुकातल्या दोन्ही नोंदी, सोनं सोडवल्याची पावती. कोणत्या तारखेपर्यंत तुम्ही भोळेपणानं वागलात हे हेच कागद सांगतील. पण तारखा इकडच्या तिकडं करायला जाऊ नका. सगळं पीएफच समजून खर्च केलं, असं बँकेला सांगायचा मोह होईल. पासबुक समोर ठेवलं की ते पाच मिनिटांत खोटं पडेल, आणि मग गंठणाबद्दलचं खरंही कोणी खरं मानणार नाही.

बँकेत जाण्याआधी एक फेरी कसबा बावड्याला मारा. तिथं न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. तुमचे २१ हजार बाराही महिने धरले तरी २ लाख ५२ हजार होतात, तेव्हा तुम्ही त्यात बसता. उत्पन्नाचा दाखला किंवा पगाराची स्लिप, आधार आणि बँकेचं पत्र घेऊन जा. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. बँकेला द्यायचा अर्ज तिथल्या वकिलाला दाखवून घ्या, कारण तुमच्या सहीनं दिलेला कागद उद्या कोर्टातही वाचला जाऊ शकतो. त्यात नाटकी कबुलीजबाब नको, शिव्याशाप नकोत, रडगाणंही नको. मजकूर साधारण असा असावा:

‘आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले. माझ्या बचत खात्यावर अमुक तारखेला जमा झालेले रु. १,७२,००० माझे नाहीत हे मला मान्य आहे आणि मी ते परत करण्यास तयार आहे. खात्यात अडकवलेले रु. ५०,००० मूळ पाठवणाऱ्याकडे परत करण्यास माझी संमती आहे. उरलेले रु. १,२२,००० एकदम भरणे मला शक्य नाही. माझा मासिक पगार रु. २१,००० असून घरात आई, पत्नी व शिकणारा मुलगा आहे. कृपया हप्ते बांधून द्यावेत, त्यावर व्याज लावू नये, आणि माझा पगार घरखर्चासाठी मोकळा करावा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि हप्ते कोणत्या खात्यात भरायचे हे मला लेखी कळवावे.’

एवढंच. (यूटीआर म्हणजे प्रत्येक व्यवहाराला बँकेकडून मिळणारा वेगळा नंबर.) दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जावा’ म्हणाले तर थांबा. घेतच नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती सांभाळा.

पण त्याही आधी घरातलं.

तुम्ही विचारता, बायकोला सांगू का नको. दादा, तुमच्या आकड्यांकडं बघा. १ लाख २२ हजार आणायचे कुठून? घरात पैसे होण्यासारखी मोठी वस्तू एकच, ती म्हणजे तुम्ही सोडवून आणलेलं गंठण. ते तिचं आहे. मागं गहाण ठेवलं तेव्हाही तिचंच होतं. ते परत ठेवायचं की नाही हे तिनं ठरवायचं, आणि ठरवायला तिला खरं काय ते माहीत पाहिजे. ‘पीएफवाल्यांनी जास्त दिलेले परत मागितले’ असली आणखी एक थाप मारून तिच्याकडून गंठण काढून घेतलंत, तर बँकेपेक्षा मोठी फसवणूक तुमच्या स्वतःच्या घरात झालेली असेल. बँकेचं देणं तरी हप्त्यानं फिटतं.

शिवाय तिला कळणारच आहे. पगार निघत नाही, रेशन-किराणा कशावर आणता आहात? दुकानात वही वाढत असेल. बँकेचं पुढचं पत्र घरच्या पत्त्यावर येईल आणि तुम्ही कामावर असताना तीच सही करून घेईल. दुसऱ्याच्या तोंडून किंवा पाकिटातून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलं तर तिच्या रागाला निदान धरायला काहीतरी असेल. राग येणार, तो येऊ द्या. जोतिबाच्या डोंगरावर ती ते गंठण घालून ज्या आनंदानं गेली होती तो आनंद आठवून तिला जास्त लागेल. मुलाला आणि आईला झोपू द्या, जेवणं झाल्यावर बसा, पासबुक आणि पत्र दोन्ही तिच्या हातात द्या आणि क्रमानं सांगा: आधी काय वाटलं, मग कधी कळलं, मग गप्प का बसलात. मित्राचं नाव पुढं करू नका. गंठण तुझ्यासाठी सोडवलं, असंही लगेच म्हणू नका. खरं असलं तरी त्या क्षणी ते तिच्यावर उपकार टाकल्यासारखं होईल. आणि एक सांगते, काउंटरवर मी कितीतरी जोडपी बघितली. जिथं बाई बरोबर आली तिथं हप्त्याची बोलणी पंधरा मिनिटांत व्हायची, कारण महिन्याचे किती सुटतील हे तिला नेमकं ठाऊक असायचं. पुरुष जोशात आठ हजार सांगून बसायचे आणि दुसऱ्याच महिन्यात हप्ता थकायचा. तिला बरोबर घेऊन जा, यायला तयार असेल तर.

पैशाचं म्हणाल तर क्लासवाल्यांना विचारा, पुढच्या सहामाहीची फी घेतली असेल तर काही परत मिळते का. बहुतेक नाही म्हणतील. भिशीत तुमचा नंबर कधी लागतो ते बघा. थकबाकी भरलीच आहे, तर चालकाला अडचण सांगून नंबर लवकर मागता येतो, आपल्याकडं लोक एवढं समजून घेतात. मालकाकडं उचल मागता येईल. तिनं आपण होऊन गंठण ठेवायचं म्हटलं तर बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत ठेवा, पावतीवर वजन आणि व्याजदर वाचून. समजा त्यातून ६० हजार उभे राहिले तर ६२ हजार उरतात, म्हणजे महिन्याला ४ हजारांचे सोळा हप्ते. गंठणाचं व्याज त्याशिवाय, ते धरून चाला. गंठण नाहीच ठेवलं तर ५ हजारांनी दोन वर्षं आणि वर थोडं. तेवढे हप्ते मिळणं अवघड आहे, पण मागायला हरकत नाही. खासगी सावकाराच्या दारात मात्र पाय ठेवू नका. ‘चार दिवसांत देतो, कागद नको’ म्हणणारे उद्यमनगरच्या चहाच्या गाड्यांवर बसलेले असतात. पंधरा दिवसांची मुदत पाळायच्या घाईत त्यांच्याकडून घेतलंत तर आगीतून फुफाट्यात पडाल.

पैसे भरताना ते बँकेनं लेखी दिलेल्या खात्यातच आणि बँकेमार्फतच भरा. मूळ ग्राहक किंवा ‘हेड ऑफिसमधला साहेब’ म्हणून कोणाचा फोन आला आणि त्यानं मोबाइल नंबर देऊन ‘यावर टाका’ म्हटलं तर एक रुपयाही पाठवू नका. हे इतर वाचकांसाठीही लिहिते. चुकून पैसे आल्याचा खोटा मेसेज पाठवून परत मागणारे ठग हल्ली फार झालेत. काही वेळा पैसे खरंच आलेले असतात, पण दुसऱ्या कोणाला फसवून मिळवलेले, आणि तुम्ही ते ‘परत’ केले की पोलिसांच्या कागदावर त्या साखळीत तुमचंही खातं येतं आणि गोठवलं जातं. अनोळखी रक्कम दिसली की ती खर्चू नये, फोनवाल्याला पाठवूही नये. शाखेत लेखी कळवावं आणि परत पाठवायचं काम बँकेवर सोडावं. फसवणुकीचा संशय असेल तर १९३० वर फोन करावा.

आता तुमच्या बाजूनं. बँकेला सगळं माफ आहे असं मी मानत नाही. आकडा चुकला तिकडं, पण इतके दिवस ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही आणि आता एका पत्रात पंधरा दिवस देऊन पगारवाल्या माणसाचं पूर्ण खातं अडकवायचं, हे मला पटत नाही. चुकून आलेल्या रकमेतले जे ५० हजार उरले होते ते रोखणं समजू शकते. त्यानंतर आलेला पगार तुमच्या घामाचा आहे. तो कोणत्या नियमानं आणि किती अडकवला हे लेखी विचारा. किमान घरखर्चापुरता तरी तो मोकळा करा असं मागा, आणि तोंडी ‘बघतो’वर भागवून घेऊ नका. फोनवर कोणी दमदाटी केली, शेजाऱ्यांना किंवा वर्कशॉपमध्ये सांगू असं म्हणालं, तर तारीख, वेळ आणि नाव लिहून ठेवा. आधी शाखेत तक्रार, मग बँकेच्या मुख्य कार्यालयाकडं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, मराठीतही बोलतात. पण त्या तक्रारीमुळं मूळ रक्कम चुकत नाही, हप्ते भरतच राहायचं.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर टाळू नका, आणि एकटेही जाऊ नका. विधी सेवातून मिळालेल्या वकिलाला आधी फोन करा आणि शिक्का घेतलेल्या अर्जाची प्रत बरोबर न्या. नोटीस मिळाल्यावर माणूस स्वतःहून आला आणि रक्कम भरायला लागला, हे तारखेनिशी दाखवणारा तुमच्याजवळचा सगळ्यात मोठा कागद तोच असेल. माझ्या पाहण्यातल्या अशा प्रकरणांत रक्कम यायला लागली की बँकेनं पोलिसांची वाट धरली नाही. तुमच्या बाबतीतही तसंच होईल याची हमी मला देता येत नाही, म्हणून तर वकील आधी म्हणते.

शेवटचा हप्ता भरला की खात्यावरची रोक उठवल्याचं आणि आता काही येणं नाही असं पत्र बँकेच्या लेटरहेडवर मागून घ्या. शाखेतले अधिकारी बदलून जातात आणि नवा आलेला जुनी फाईल उघडून परत विचारतो, हे मी बघितलंय.

आज कोणत्या वारी हे वाचाल ते माहीत नाही, पण बायकोशी बोलणं आज रात्रीच होऊ दे. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून बावड्याला जा, परवा बँकेत. पगाराबाबत मॅनेजर काय म्हणाले ते मला कळवा. लेखी उत्तर नाकारलं तर पुढच्या तक्रारीचा मजकूर मी तुम्हाला लिहून देईन.

तुमची,
ताई